पोखर्णीची पोरगी आणि आमची आत्या

आत्या वारली तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो, आणि तोवर मानवतच्या आमच्या कापडदुकानात माझा शब्द एकदाही शेवटचा ठरला नव्हता. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली ही बाई दुकानामागच्या खोलीत बसून सगळं ऐकायची आणि भर गिऱ्हाइकात ओरडायची, "कापड ताणून मापू नकोस, मेल्या!" ती गेली तेव्हा मी रीतीप्रमाणे रडलो. पुढे काही दिवसांनी ध्यानात आलं, की आपल्याला अलीकडे फार छान झोप लागते.

अशी सहाएक वर्षं सुखात गेल्यावर एका बाजाराला पोखर्णीचा गाडीवान धोतर घ्यायला आला.

"आप्पा, खबर कळली का? आमच्या गावात एक पोरगी हाय, पाचेक वर्साची. मागच्या जल्माचं सांगायलीय."

"काय सांगायलीय?"

"म्हनतीय, मी मानवतची. आमचं दुकान हाय, दार निळं हाय. अन् घरात एक भाचा हाय, त्याला काई म्हंजे काई येत न्हाई."

दुकानातली माणसं हसली. मीही हसलो. उर्दू शाळेत शिकलेला, हैदराबादचा अखबार वाचणारा माणूस मी; असल्या भाकडकथांवरून लोकांना मीच झापायचो. पण हसता हसता नजर आमच्या दाराकडे गेली. निळं होतं.

खरं तर आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेलं माणूस शिवात मिळतं, परत यायची सोयच नाही. तरी खात्री केलेली बरी म्हणून मठात गेलो आणि स्वामींना विचारलं, "लिंगैक्य झालेलं माणूस चुकून परत येतं का?"

"चुकून म्हणजे?" स्वामींनी विचारलं.

मी नमस्कार करून निघालो.

घरी बायकोसमोर मात्र तोंड उघडलं, मठातलंही सांगितलं. "अगं, म्हातारी आत्या मी कशीबशी सोसली. ही पाच वर्साची हाय! म्हंजे आता मी मरेपर्यंत!"

"आवं, निम्म्या गावाची दारं निळी हायेत," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "अन् काई न येनारे भाचे तर घरोघर हायेत. तुमी कामून घाबरायलाव?"

"मी न्हाई घाबरलो," मी म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी दाराला हिरवा रंग दिला. शेजाऱ्यांनी कारण विचारलं तर सांगितलं, की निळा रंग उन्हात लवकर विटतो.

पुढच्या बाजाराला बाप खरोखरच पोरीला घेऊन आला. खांद्यावर बसलेली, नाक वाहतंय, परकर मळलेला. मागे हा एवढा घोळका. मी ताग्यांच्या आड उभा राहून बघत होतो. "भाचे तुमीच" असं कुणी म्हणालं तर काय बोलायचं, हे मी पाठ करून ठेवलं होतं. घोळका दुकानासमोर आला. पोरीनं आमच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि पुढे गेली.

पुढे हलवायाचं दुकान होतं. तिथं तिनं बापाचे केस ओढले. "हेच माजं घर!"

"अगं, पर दार कुठं निळं हाय?"

"आत असंल," ती म्हणाली आणि जिलेबीच्या परातीकडे हात केला.

सगळा बाजार हसला. हलवायानं पळसाच्या पानावर जिलेबी दिली, आणि मागच्या जन्माचा विषय तिथंच मिटला.

आता मी सुटकेचा निःश्वास सोडायला हवा होता. पण मला राग आला. इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या आणि साधी ओळखही नाही? मग वाटलं, नव्या रंगामुळे घोटाळा झाला असेल. मी दुकान उघडं टाकून हलवायाकडे गेलो आणि चारचौघांत त्या पोरीपुढे वाकलो.

"मला वळखलंस का?"

तिनं मला नीट न्याहाळलं. "तुमचं कशाचं दुकान हाय?"

"कापडाचं."

"मंग न्हाई," ती म्हणाली आणि पाकातली बोटं चाटू लागली.

घरी आलो. बायकोनं हसत हसत विचारलं तेव्हा म्हणालो, "आत्या असती तर इतक्यावर सोडलं नसतं तिनं मला." हे ऐकून बायको हसायची थांबली. आत्या गेल्यावर रीतीबाहेर रडलो तो त्या दिवशी. तेही दुपारी, दुकान उघडं असताना.

पुढे महिनाभर गिऱ्हाइकांना मी सांगत होतो, की त्या पोरीची परीक्षा घ्यायला मी मुद्दाम गेलो होतो. शिकलेल्या माणसानं एवढं करायलाच हवं. एकदा हे रंगात येऊन सांगत असताना आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "आवं, ते मठात काय इचारलं तेबी सांगा की!"

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघू लागली. मी नवा तागा उलगडला.