मालिशवाल्याला नकार देणारी कप्तान

मंडळी, आज देवासला खो-खोचे सामने होते. मी लहान खेळाडूंची हाडं जोडते, त्यामुळे सामन्यांच्या दिवशी दवाखाना सोडत नाही.

दुपारी धारचा मुलींचा संघ सरळ आत शिरला. नावं मुद्दाम लिहीत नाही. सहावीतली एक मुलगी कोपरावर पडली होती. हाताला पुठ्ठा लावून ओढणीनं नीट बांधलं होतं.

"हे कुणी बांधलं?"

"मी, मॅडम," नववीतली कप्तान म्हणाली.

कोच वैतागले होते. "पास में ही पहलवान था मैडम, मालिश करके हड्डी बिठा देता. पर इसने हंगामा मचा दिया!"

कप्ताननं बाही सारून हात लांब केला. तो पूर्ण सरळ होत नाही. तीन वर्षांपूर्वी तिचं कोपर असंच मोडलं होतं. घरच्यांनी महिनाभर तेलानं चोळून घेतलं आणि मग माझ्याकडे आणलं. तेव्हा मी त्यांना चांगलंच झापलं होतं.

"सर, हिचा हातपण असाच करायचा काय?" तिनं विचारलं. कोचनी छोटीच्या घरी फोन लावला.

छोटीचे आईवडील धारहून आल्यावर ऑपरेशन करून मोडलेलं हाड जागेवर धरायला कोपरात तारा घातल्या. बोटं हलताहेत. हिचा हात सरळ होईल.

मी सहसा कुणाला शाबासकी देत नाही. आज सगळ्या संघासमोर त्या कप्तानची पाठ थोपटली.

मोठा माणूस चुकत असेल तर तुमची मुलगी त्याला अडवेल का? की तुम्हीच तिला गप्प बसवाल?