गॅरेजचं दार आणि शनिवारचं तळण

अमेरिकेत, श्रूजबरीत मी ज्या घरात भाड्याने राहते, तिथे माझी खोली गॅरेजच्या बरोबर वर आहे. घर एका निवृत्त डॉक्टर काकांचं आणि काकूंचं. त्यांची मुलं दूरच्या शहरांत असतात. युनिव्हर्सिटीची बस कोपऱ्यावर थांबते, आणि माझ्याकडे गाडी नाही, म्हणून ही खोली मिळाली तेव्हा मला फार मोकळं वाटलं होतं.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी काकांनी मला चहाला बोलावलं.

"हे बघ, तुझ्या बाथरूमचे पाइप गॅरेजच्या छतातून जातात. लास्ट विंटरला एक फ्रीझ होऊन फुटला. या वेळी रिस्क नको. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंग झालं की मी वरचं पाणी बंद करणार. तोवर तू दुसरीकडे जागा बघ."

ते चिडून बोलले नव्हते, पण त्यांचं ठरलं होतं. बसच्या रस्त्यावर दुसरी जागा नव्हती, हे मी ऑगस्टमध्येच बघून ठेवलं होतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. अशा वेळी कोणाला आणि कसं विचारायचं, हे मला अजून नीट जमत नाही. त्यामुळे मी एकदम बोलून गेले, "काका, गॅरेजचं दार इन्सुलेट केलं तर? मी करीन."

"तुला येतं?"

मी हो म्हणाले. खरं तर येत नव्हतं. माझे वडील सांगलीजवळ दुकानांना शटर बसवतात आणि लहानपणी मी त्यांच्या टेपचं दुसरं टोक धरलं होतं, एवढीच माझी तयारी. कॉलेजात मी स्टॅटिस्टिक्स शिकते.

गॅरेजच्या भिंती जाड होत्या. दार मात्र पातळ पत्र्याचं, चार आडव्या भागांचं. हात लावला की पत्र्यातून थंडी थेट तळव्यात यायची. मी प्रत्येक भागाची मापं दोनदा घेतली आणि काकांबरोबर जाऊन एका बाजूला चंदेरी कागद असलेली फोमची पांढरी पानं आणली. ती कापून दाराच्या आतल्या खाचांत घट्ट बसवायची. पहिलं पान दोन बोटं आखूड झालं. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, ब्लाउज असता तर आतून मार्जिन सोडून घेतलं असतं!" मग मी कडेला थोडं जास्त ठेवून कापायला लागले.

पानं बसली तरी पाय गारच राहत होते. खाली वाकून पाहिलं तर दाराखालचा रबर चिक्कीसारखा कडक होऊन जागोजागी तुटला होता आणि तिथून बाहेरचा उजेड दिसत होता. तो बदलला, दोन्ही कडांना पट्ट्या लावल्या. आता बटण दाबलं की दार उघडणारी मोटर कण्हायला लागली. त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला.

"वजन वाढलं म्हणून स्प्रिंगला दम लागतोय," ते म्हणाले. "पण तू तिला हात लावू नगंस. त्या स्प्रिंगनं माणसाचा हात मोडलेला मी बघितलाय. जाणत्याला बोलव."

काकांनी मेकॅनिक बोलावला. त्याने स्प्रिंग ताणून दिली आणि दार पुन्हा हलकं चालायला लागलं. पहिला बर्फ पडला त्या दिवशी बाहेर वीस डिग्री फॅरनहाइट होतं आणि गॅरेजमध्ये चव्वेचाळीस; पाणी बत्तीसला गोठतं. काकांनी थर्मामीटर चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला.

"राहा तू," ते म्हणाले. "पाणी चालू ठेवतो."

काकूंचाही फायदा झाला. घरात वास राहतो म्हणून त्या मासे, वडे, सगळं तळण गॅरेजमध्ये करतात. तिथे कोपऱ्यातल्या टेबलावर सिलेंडरची दोन बर्नरची शेगडी आहे. दर शनिवारी तळण असतं, कारण त्यांच्या मैत्रिणी जेवायला येतात. आजवर त्या दार हातभर वर ठेवून, जॅकेट आणि लोकरी टोपी घालून तळायच्या. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी त्यांनी दार पूर्ण बंद ठेवलं.

"बघ, आता साध्या साडीत तळता येतंय मला. तुझ्यामुळे!"

मला आनंद झाला. माझ्या खोलीच्या जिन्यात धूर आणि विषारी वायू दोन्ही ओळखणारा अलार्म आहे. त्याच्यावर शॉवर कॅप चढवायची त्यांची जुनी पद्धत होती, नाहीतर तळताना तो कोकलतो. आता त्यांना स्टुलावर चढवत नाही, म्हणून त्यांनी मला सांगितलं आणि मी कॅप चढवली. नंतर वर बसून अभ्यास केला. दुपारभर डोकं जड होतं. परीक्षा जवळ आली म्हणून असेल, असं मी समजले.

पुढच्या शनिवारी सकाळी वडिलांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे त्यांचं जेवण झालं होतं. मला दार दाखवायचं होतं. मी फोन हळूहळू फिरवला. सांधे बघून ते म्हणाले, "चांगलं बसवलंयस. वारा कुठनं येतच नाही की." मला वाटतं, त्यांनी माझ्या कुठल्याच मार्कांबद्दल इतक्या सावकाश कौतुक केलेलं नाही. मग म्हणाले, "कोपऱ्यात काय हाय ते?"

"शेगडी. काकू तळतात इथे."

"दार उघडं ठेवून न्हवं?"

मी फोन पुन्हा बंद दाराकडे वळवला.

"पोरी, शटर ओढून शेगडी पेटवायची नसती. आमच्या मिस्त्रीनं एकदा थंडीत दुकान बंद करून कोळसा पेटवला हुता. दोघांना उचलून बाहेर काढलं. वास येत न्हाई, काय न्हाई. नुसतं डोकं जड हुतंय."

फोन ठेवला तेव्हा काकू आतून परात घेऊन आल्या. कढई शेगडीवर होती. शॉवर कॅप त्यांनी माझ्यासाठी टेबलावर काढून ठेवली होती.

सांगायचं तर होतंच. पण दार उघडं राहिलं की गॅरेज गार, पाइप गार, आणि काका परत पाणी बंद करतो म्हणाले तर? शिवाय त्यांच्या घरात राहून त्यांनाच शिकवायचं, तेही मोठ्या माणसांना. मी कॅप हातात घेऊन उभी राहिले.

"चढव की गं. तेल तापेल आता."

"काकू, नको. दार बंद ठेवून नका तळू."

"म्हणजे? तूच बंद केलंस ना ते, एवढ्या कौतुकाने?"

"हो. म्हणूनच. आधी दार हातभर वर असायचं, फटींतूनही हवा यायची. मी सगळ्या फटी बुजवल्या. गॅस जळून होणारा विषारी वायू आता बाहेर जात नाही. मागच्या शनिवारी माझं डोकं जड होतं. तुमचं?"

काकूंनी परात टेबलावर ठेवली. "माझंही होतं. मला वाटलं, तुझ्या काकांच्या बडबडीने."

काका आतून आले. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी अडखळत. ते जिन्याने वर गेले आणि अलार्म चालतो का बघायला त्याचं बटण दाबलं. तो घरभर किंचाळला. खाली येऊन ते म्हणाले, "चाळीस वर्षं डॉक्टरकी केली मी. आणि अलार्मवरची ही कॅप वर्षानुवर्षं बघतोय."

"मग तुम्ही का नाही बोललात?" काकू म्हणाल्या.

"वडे मिळत होते."

काकूंनी गॅस बंद केला, भिंतीवरचं बटण दाबलं आणि दार पूर्ण वर गेलं. थंडी एकदम आत आली. मग त्या काकांकडे वळल्या. "आता हिच्या पाइपचं काय?"

कोणालाच नक्की माहीत नव्हतं. मी म्हणाले, "मोजून बघू या?"

तळण झालं तेव्हा गॅरेज सव्वीस डिग्रीवर आलं होतं. थोडा वेळ दार तसंच ठेवून मग बंद केलं आणि मी दर अर्ध्या तासाने खाली जाऊन आकडा वहीत लिहिला. घराच्या भिंतीची ऊब असते आणि आता ती दारातून निसटत नव्हती. पाहुण्या निघाल्या तेव्हा चाळीस झालं होतं. नळाला पाणी सुरळीत होतं. काकांनी वही पाहिली आणि म्हणाले, "एक-दीड तासाने काही होत नाही. तू राहा."

तेव्हापासून तसंच चाललं आहे. कॅप काकूंच्या बाथरूममध्ये परत गेली; दार पूर्ण वर असलं की अलार्म कोकलत नाही. शनिवारी खालून थंडी येऊन माझी खोली थोडा वेळ राहण्याजोगी नसते, म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या डायनिंग टेबलावर बसते. बटण दाबण्याआधी काकू जिन्याशी येऊन हाक मारतात, "ए, खाली ये गं, दार उघडतेय!" मग जॅकेट घालतात, टोपी घालतात आणि तळायला जातात.