डायवाल्या बाई

खडोलीच्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या शेकडो डाय होत्या. लाकडी फळीत बसवलेली पोलादी पाती, वरवर सगळ्या सारख्याच. धुळ्याकडच्या एक बाई त्या सांभाळत. प्रत्येक डायला त्यांनी तिच्यातून निघालेला पहिला नमुना सुतळीने बांधला होता. त्यावरून बोट फिरवत त्या पुटपुटायच्या, "ही साबणाची, ही गोळ्यांची," आणि नेमकी डाय काढून द्यायच्या.

नव्वदच्या सुमारास नवे मॅनेजर आले. "हा कचरा काढा, नंबर चिकटवा," ते मला म्हणाले. मी स्टोअरचा कारकून. मुकाट्याने सगळे नमुने तोडले. बाईंनी ते एकेक उचलून पिशवीत भरले.

आठवड्याभरात तेलाने नंबर गळून पडले. औषधाच्या खोक्याची डाय सापडेना, मशीन थांबलं. मॅनेजर बाईंवर ओरडले, "जल्दी काढा!"

"नाही काढणार. आधी माझे नमुने बांधा."

"कामावरून काढीन!"

"काढा. मग डाय पण तुम्हीच शोधा."

मॅनेजरांनी थांबलेल्या मशीनकडे पाहिलं आणि मला मान हलवून खूण केली. मी खालमानेने सुतळी उचलली. बाईंनी पिशवीतून एक नमुना काढून त्याच्या डायवर ठेवला आणि सुतळीचं दुसरं टोक मॅनेजरांच्या हातात दिलं. "घट्ट धरा, साहेब. गाठ पक्की बसली पाहिजे."