शिमबाईचा डूख

तिला सगळे शिमबाई म्हणत. शिम म्हणजे पोलादाची पातळ चकती. दोन भागांमध्ये उरलेली फट भरायला ती घालतात. ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये, डिफरन्शियलच्या पोटात, असली एक चकती कमीजास्त जाडीची पडली तरी दाताला दात नीट भिडत नाही आणि गाडी रडायला लागते. ही बाई चकती चिमटीत धरून तिची जाडी सांगायची. मायक्रोमीटर लावून बघणारे आधी हसायचे, मग मायक्रोमीटर बाजूला ठेवायचे. नाव ठेवलं होतं तिच्या वस्तादांनी. पुढे त्या माणसाचं तोंड बघायची इच्छा उरली नाही, तरी नाव तिने बदलू दिलं नाही. म्हणायची, असू दे, आठवण ताजी राहते.

वस्तादांचं वर्कशॉप शर्यतीच्या ट्रकांचं. हे ट्रक माल वाहत नाहीत. अंगापेक्षा मोठं इंजिन, मागे सगळं मोकळं, आणि डांबरी गोल रस्त्यावर एकमेकांना खेटून पळायचं, एवढंच त्यांचं काम. तिचा थोरला भाऊ वस्तादांचा ट्रक चालवायचा. आईवडील गेल्यावर घरात दादा, वहिनी आणि ती, तिघंच. दादानेच शब्द टाकून तिला तिथे चिकटवलं. चार वर्षांत एक्सलच्या कामात तिचा हात असा बसला की वस्ताद गिऱ्हाइकांना तिच्या टेबलापाशी आणून उभे करायचे आणि ‘बघा माझी पोर’ म्हणायचे.

ते काम किचकट. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. साधा डिफरन्शियल ही सोय करतो, पण त्याची एक खोड आहे. ज्या चाकाची पकड सुटली, ते जागच्या जागी भिरभिरतं आणि दुसरं नुसतं बघत बसतं. म्हणून शर्यतीच्या ट्रकला लिमिटेड स्लिप जातीचा डिफरन्शियल घालतात. त्याच्या आत क्लचसारख्या प्लेटांच्या दोन चळती असतात. त्या दोन्ही चाकांना आवरून धरतात, कुणा एकाला उधळू देत नाहीत. प्लेटा झिजल्या की हा आवर जातो. मग नव्या घालायच्या. पण एक चोरवाटही असते: झिजलेल्या प्लेटा तशाच ठेवून मागे जाड शिमा कोंबायच्या. बाहेरून पाना लावून ताण मोजला तर आकडा बरोबर येतो. आत मात्र सगळं करपत असतं.

चौथ्या वर्षीच्या एका मोठ्या शर्यतीच्या आधी तिने नव्या प्लेटा बसवल्या. रात्रभर तेलात भिजवल्या, एकेक करून चढवल्या, दातांना रंग लावून ठसा बघितला, फट मोजली. मग दादाला म्हणाली, मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात वीस चकरा मारून आण, म्हणजे प्लेटा एकमेकींना ओळखतील. तो वैतागला, पण मारून आला. तिने तेल बदललं, झाकण लावलं आणि घरी गेली.

तिसऱ्या दिवशी शर्यतीत दादा पहिला होता. सहाव्या फेरीला, सगळ्यात संथ वळणावर, मागची चाकं आधी सुटली आणि मग एकदम धरली. ट्रक आडवा झाला. दरवाजाचा पत्रा आत आला, त्यात दादाचा पाय सापडला. तो पाय गुडघ्यात परत कधी वाकला नाही.

क्रेनने ट्रक उचलत होते तेव्हा एक्सलमधून तेल ठिबकत होतं. तिने बोट लावलं. तेल काळं होतं, जळका वास होता आणि बोटांना कचकच लागत होती. दोन दिवसांपूर्वी भरलेलं तेल, नव्या प्लेटा, सहा फेऱ्या. एवढ्यात असं होणं शक्यच नव्हतं. म्हणजे तिच्यामागे कुणीतरी एक्सल उघडला होता. आणि त्या वर्कशॉपमध्ये तिच्या कामाला हात लावायची हिंमत एकाच माणसाची होती.

चौकशीत वस्तादांनी सांगितलं, पोरीने शिम चुकवली. त्यांच्या शब्दापुढे कोण बोलणार? ती बोलली, पण पुरावा म्हणून दाखवायला काही उरलंच नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो एक्सल गॅसने कापून भंगारात धाडला होता. ती जाब विचारायला गेली तर त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, “चूक होते पोरी. कबूल कर आणि मोकळी हो.”

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर कदाचित ती विसरली असती. तो डोक्यावरचा हात ती विसरली नाही.

दवाखान्यात तिने दादाला सगळं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. मग म्हणाला, “वस्तादांची तीस वर्षं झाली या कामात, तुझी चार. माझा पाय तुझ्या हाताने गेला. एवढं तरी पत्कर.” त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. महिन्याभरात तिने घर सोडलं. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

खाणीवरच्या डंपरांच्या गॅरेजात तिला काम मिळालं. चिखलाने लडबडलेले एक्सल, हातभर लांब बोल्ट. कुणी विचारपूस केली तर हूं की चूं नाही. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायची, माझं एक काम राहिलंय. लोकांना वाटायचं, बाई लाजतेय.

इकडे वस्तादांचा भाव वाढतच गेला. त्या अपघातानंतर शर्यतीच्या मंडळाने कडक नियम केला, की ठरलेल्या जाडीपेक्षा झिजलेली प्लेट वापरायची नाही आणि मागे जादा शिम घालायची नाही. नियम कुणी लिहिला? वस्तादांनी. सत्कार झाला, हार पडले. भाषणात त्यांनी दादाचं नाव घेतलं आणि डोळे पुसले. शिमबाईने तो नियम मिळवून पाठ केला. त्याच्या शेवटच्या कलमात लिहिलं होतं की शर्यत संपल्यावर अर्ध्या तासात कुठलाही संघ लेखी हरकत घेऊ शकतो. मग ज्याच्या नावावर एक्सलची जबाबदारी आहे त्यानेच तो सगळ्यांसमोर उघडायचा. हरकत खोटी निघाली तर घेणारा संघ वर्षभर बाहेर.

पाचव्या वर्षी ती दुसऱ्या एका शर्यतीच्या संघात फिटर म्हणून लागली. काम चोख होतंच, पण आणखी एक सवय सगळ्यांच्या लक्षात आली. शर्यत सुरू झाली की ही बाई स्वतःच्या ट्रककडे बघायचीच नाही. सगळ्यात संथ वळणाच्या आत, तारेच्या कुंपणाला चिकटून उभी राहायची आणि वस्तादांचा ट्रक आला की डोळे मिटायची. नव्या प्लेटा वळणात गुरगुरतात, झिजलेल्या दातओठ खाल्ल्यासारख्या कटकटतात. चार वर्षं ती ऐकत राहिली. हळूहळू तिला त्या माणसाची चाल कळली. हंगामाच्या सुरुवातीला प्लेटा नव्या असायच्या, तपासणी व्हायची. शेवटच्या शर्यतीला मात्र गुरगुर नसायची, मध्येच दाणे चावल्यासारखी कटकट यायची. झिजलेली प्लेट वळणात अलगद धरते, ट्रक लवकर सरळ होतो, हा त्यांचा जुना हट्ट. तिला शिकवतानाही एकदा बोलून गेले होते.

नवव्या वर्षी शेवटच्या शर्यतीच्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. वस्तादांचा ट्रक शेडमध्ये एकटा उभा होता. ती त्याच्याखाली सरपटत गेली. झाकणाच्या कडेला तेलाचा एक थेंब लोंबत होता. तिने तो बोटावर घेतला, चोळला, हुंगला. तोच वास.

खिशात पाना होता. तेलाचा बोल्ट डोक्यावर एक वीत अंतरावर होता. दोन वेढे सैल केला असता तर तिसऱ्या फेरीला एक्सल कोरडा पडला असता. हे तिच्या मनात आलं, आणि पटकन गेलंही नाही. ती तिथे चांगली पाच मिनिटं पाना हातात धरून पडून होती. शेवटी तिने तो खिशात परत टाकला. पुढे कुणी विचारलं तेव्हा तिने कारण लपवलं नाही. ट्रक चालवणाऱ्या पोरावर तिचा राग नव्हता, हे एक. पण खरं कारण दुसरं. अपघात झाला असता तर लोकांनी वस्तादांना पुन्हा जवळ घेतलं असतं. त्यांना पुन्हा डोळे पुसायला मिळाले असते, आणि ते तिला नको होतं.

तिने वहिनीला फोन केला. वहिनी एवढी वर्षं चोरून तिच्याशी बोलायची. शिमबाई तिला म्हणाली, दादाला घेऊन ये, काही सांगू नकोस. मग ती संघाच्या मालकाकडे गेली. मालक आधी ऐकेचना. वर्षभर बाहेर बसलो तर ड्रायव्हर सोडून जातील, म्हणाला. तिने विचारलं, माझ्या हाताचा एक तरी एक्सल आजवर परत आलाय का? तो म्हणाला, ठीक आहे, लिही. शर्यतीत वस्तादांचा ट्रक पहिला आला आणि दहाव्या मिनिटाला तिची हरकत मंडळाच्या टेबलावर होती.

शेडमध्ये ही गर्दी. वस्ताद पांढऱ्या शर्टात आले, पासष्टीचे, ताठ. तिला बघून मंडळाच्या तपासनिसाला म्हणाले, “ही बाई माझ्यावर जुना राग काढतेय.”

“काढतेय,” ती म्हणाली. “तरी उघडा.”

त्यांनी आपल्या फिटरला हाक मारली. तिने कलम तोंडपाठ म्हणून दाखवलं. कागदावर नाव वस्तादांचं होतं, कारण एक्सलच्या कामात त्यांनी नंतर कुणावर विश्वासच ठेवला नव्हता. बाह्या सारून त्यांना स्वतःच बसावं लागलं. एकेक बोल्ट निघाला. काळं तेल खाली सांडलं. टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं, त्यावर त्यांनी एकेक प्लेट काढून ठेवली आणि तपासनीस मोजत गेला. पहिलीच नियमात बसली नाही. दुसरीही नाही. सोळापैकी एकही बसली नाही. काहींवरचं अस्तर पार जाऊन नुसतं चकचकीत निळसर लोखंड राहिलं होतं. चळतीमागून शिमा निघाल्या, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन.

दादा काठीवर भार देऊन पुढे आला होता. त्याला एक्सलमधलं सगळं कळत होतं. आयुष्यभर तेच बघितलं होतं.

तिने विचारलं, “वस्ताद, त्या दिवशी किती घातल्या होत्या?”

तपासनीस म्हणाला, हा प्रश्न नियमात बसत नाही. ती म्हणाली, नसू दे. वस्ताद हात पुसत राहिले. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही, दादाकडे बघितलं.

“दोन,” ते म्हणाले. “तुझ्या बहिणीच्या प्लेटा फार करकचून धरत होत्या. त्या काढून मी जुन्या घातल्या, मागे दोन शिमा. अरे, त्या वळणापर्यंत तू पहिला होतास.”

वहिनीने दादाचा दंड धरला.

वस्ताद उठले. तिला म्हणाले, “झालं समाधान?”

“नाही. लिहून द्या.”

त्यांनी हरकतीच्याच कागदामागे लिहिलं, की त्या दिवशी तिच्यामागे एक्सल मी उघडला आणि प्लेटा मी बदलल्या. तिने कागद वाचला, एक शब्द गाळला होता तो घालायला लावला आणि तपासनिसाला सांगितलं, आता हे कर्ण्यावरून वाचा. तो चाचरला. तिने त्याच्यापुढे नऊ वर्षांपूर्वीच्या चौकशीचा कागद ठेवला, त्यावर तिचं पूर्ण नाव होतं. ते नाव तेव्हा कर्ण्यावरूनच सांगितलं होतं. तपासनिसाने वाचलं. बक्षीस बघायला थांबलेल्या सगळ्या लोकांनी ऐकलं.

तिला काय वाटलं? लोक म्हणतात, सूड घेतल्यावर मन रिकामं होतं. तिचं तसं झालं नाही. तिला भूक लागली, कितीतरी वर्षांनी अशी सडकून लागली. तिने पोटभर खाल्लं आणि झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

मंडळाने वस्तादांना कायमचं बाहेर काढलं. ड्रायव्हर गेले, फिटर पांगले, वर्कशॉपात चाकांची पंक्चरं काढायचं काम उरलं. शिमबाई कामावर जाताना मुद्दाम वाकडी वाट करून त्या दारावरून जायची. वस्ताद स्टुलावर बसलेले दिसायचे. ती मान वळवून नीट बघायची, मग पुढे जायची. संघातल्या एकाने म्हटलं, आता पुरे कर, म्हातारा झालाय. ती म्हणाली, “मी तेवीसची होते.”

दादा तिच्या खोलीवर तीन वेळा आला. पहिल्या वेळी तिने दार उघडलं नाही. दुसऱ्या वेळी उघडलं, पण तो माफी मागायला लागताच म्हणाली, जिना उतरताना जपून उतर. तिसऱ्या वेळी तो काहीच न बोलता उंबऱ्यावर टेकला, वाकत नसलेला पाय सरळ पुढे करून. तिने त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि समोर बसली. मग त्या नव्या प्लेटा खोक्यातून काढल्यापासून ते झाकणाचा शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत तिने त्याला सगळं सांगितलं. प्रत्येक माप, प्रत्येक आकडा, दवाखान्यात सांगितलं होतं तसंच, सावकाश. चहा गार झाला. या वेळी तो तिच्याकडे तोंड करून बसला होता, आणि मध्ये एकदाही बोलला नाही.