एका जात्यावरच्या ओव्या आणि अमरावतीचा कॅमेरा

ग्रंथपालांनी ब्लेडने आमच्या पुस्तकाची शिवण कापली. पानं सुटी झाली. ती काचेखाली ठेवून त्यांनी दिवे लावले आणि विचारलं, "या ओव्या नेमक्या कोणाच्या?" माझ्याआधी माझी सवत बोलली, "माह्या."

मला वाटलं, तेच ब्लेड उचलावं.

आम्ही त्या सकाळी अकोल्याहून निघालो होतो. अमरावतीच्या एका ग्रंथालयात फोटोचं मोठं यंत्र आलं होतं. वऱ्हाडात छापलेली झाडून सगळी पुस्तकं फिल्मवर घ्यायची, म्हणजे कागद वाळवीनं खाल्ला तरी कुठल्याही गावच्या माणसाला ती वाचता येतील, असा त्यांचा बेत. आमच्या यजमानांनी छापलेलं ओव्यांचं पुस्तक त्यांना हवं होतं. यजमान वारलेले. मूलबाळ दोघींनाही नाही. कायद्यानं हक्क आमचा, म्हणून दोघींनी येऊन परवानगी द्यावी, असा निरोप आला.

गाडीत धाकटीनं खिडकी धरली. मूर्तिजापूरपर्यंत शेतांत कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या; मला त्या तिच्या डोक्याआडून बघाव्या लागल्या.

बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर आलुबोंडे (बटाटेवडे) घेतले. विकणारा तिला म्हणाला, "घ्या ना ताई, गरम हायेत." मला म्हणाला, "आजी, तिखट हाय, झेपन काय?" आमच्या वयात फारसं अंतर नाही. मी तिच्याहून एक जास्त खाल्ला आणि अमरावतीपर्यंत पोट धरून बसले.

स्टेशनाबाहेर टांगा केला. कापसाच्या बैलगाड्यांची रांग रस्ताभर लागलेली. तिच्यामागं आम्ही बराच वेळ अडकलो. ग्रंथालयात पोचलो तेव्हा यंत्र तयार होतं. पुस्तक जमवलं म्हणून यजमानांचं नाव राहील, पण ओव्या म्हणणाऱ्या बाईचंही नाव फिल्मवर द्यायचं, असं ग्रंथपालांनी सांगितलं. म्हणून तो प्रश्न.

मी म्हटलं, "तुह्या कावून (का)? सुरुवात कोन करे?"

"तुमीच करत होत्या, बाई. पन नुसत्या सुरुवातीनं ओवी होते काय? संपवो मी."

"जातं माह्या घरचं. तू मागून आली."

"मागून आली म्हनून तर यायनं (यजमानांनी) लिवल्या."

हे मला लागलं, कारण खरं होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी सासूबरोबर दळत होते. यजमान ओसरीवर पडलेले असत, पण कधी कान दिला नाही. धाकटी जात्यावर बसली आणि यांच्या हातात पेन्सिल आली.

कॅमेऱ्यावरचा माणूस तोंडावर रुमाल धरून हसत होता. ग्रंथपाल म्हणाले, "आजी, असं करा. जी ओवी तुमची, ती न बघता पूर्ण म्हणून दाखवा."

माझं माहेर धामणगावकडचं. भाऊ रेल्वेनं न्यायला येतो, ती ओवी मी धरली. पहिली ओळ बरोबर आली. दुसरी येईना. आमच्या घरचा रिवाजच तो: थोरलीनं ओवी धरायची, धाकटीनं पुरी करायची. ती म्हणत असताना मी जात्यात दाणे टाकत असे. माझ्या तोंडात ती ओळ कधी बसलीच नाही. मग धाकटीची पाळी आली. तिला पहिली ओळच सापडेना. दुसरी ओवी धरली, तिसरी धरली, तेच. शेवटी तिनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

"वाद असलेलं पुस्तक आम्हाला घेता येत नाही," ग्रंथपाल म्हणाले. "दोघींची नावं देऊ, नाहीतर पानं परत न्या."

तिच्या नावाशेजारी मला माझं नाव नको होतं. पण ती पिवळी सुटी पानं घरी नेली असती तर पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकली नसती, आणि तिच्या ओळींबरोबर माझ्याही गेल्या असत्या. मी म्हटलं, "घाला दोघीचे. माहं आधी."

मी पिशवीत चष्मा शोधत होते तेवढ्यात धाकटीनं परवानगीच्या कागदावर वरच्या ओळीत सही ठोकली.

प्रवासानं मन मोठं होतं म्हणतात. माझं झालं नाही. परतीच्या गाडीत मी आधी चढले आणि खिडकी धरली. फिल्मवर तिचं नाव वर आहे, माझं खाली. धाकटी पुढच्या उन्हाळ्यात वारली. मी आहे.