अडकलेला ड्रम

गाडी दुरुस्त करायला आलेल्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. केळझरच्या वळणावरच्या अपघातानंतर माझी जुनी जीप कित्येक वर्षं अंगणात उभी होती. मी ब्रेक उशिरा मारला, म्हणून बायकोचा पाय अधू झाला, असंच मी धरून चाललो होतो.

"हँडब्रेक काऊन ओढून ठेवला, काकाजी? त्याच्यानंच चाकाचा ब्रेक-ड्रम धरला."

"पुन्हा सुटू नये म्हणून."

तो हसला. ब्रेक उशिरा मारल्याचं मी त्याला आधीच सांगितलं होतं. ड्रमच्या कडेने हलकेच हातोडी ठोकायचा, मग तळवा टेकवून थांबायचा. शेवटी ड्रम निघाला. आतला वाळलेला काळा डाग त्याने बोटाने दाखवला.

"ब्रेक तुमी मारलाच असन. पण ब्रेकचा लायनर पूरा ऑइलनं भिजेल होता. गाडी थांबन कशी?"

मी ओट्यावरच्या बायकोकडे पाहिलं.

"तुमची चूक नाई, मी कवापासून तेच सांगून राह्यली," ती म्हणाली.