भाऊजींच्या चाकाचा घेर

आमच्या भाऊजींनी जन्मात एकही गोष्ट अंदाजानं केलेली नाही. चहात साखर घालण्याआधी सुरीच्या पात्यानं चमचा सपाट करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मंडल ऑफिसात तीस वर्षं जरीब, म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी, ओढून ते निवृत्त झाले. साखळी ऑफिसात जमा झाली, मोजायची खोड तेवढी घरी आली. "जवळच आहे" असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि जवळ म्हणजे किती हे कळेपर्यंत ते पायात चप्पल घालत नाहीत. कापडाच्या दुकानात गेले की आधी खिशातून स्वतःचा टेप काढून दुकानदाराची मीटरपट्टी मोजतात. एकदा ती दोन सूत कमी भरली. तेव्हापासून त्यांच्या बेला गावच्या बाजारात भाऊजी दिसले की तो दुकानदार नोकराला पुढं करून जेवायला निघून जातो, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात.

माझ्या लग्नाची गोष्ट तर सासुरवाडीला अजून सांगतात. भन्तेजी येऊन बसले होते, वंदना सुरू व्हायची होती, आणि भाऊजी दोरी घेऊन मांडवाचे कोपरे तपासत फिरत होते. मांडव गुण्यात, म्हणजे काटकोनात, नव्हता म्हणे. एक बाजू वीतभर पळाली होती. दोन खांब उपटून पुन्हा रोवेपर्यंत नवरदेव, म्हणजे मी, उन्हात उभा. सासऱ्यांनी हळूच मला विचारलं की हे इंजिनिअर आहेत का. मी सांगितलं, हे आमचे भाऊजी आहेत. यापेक्षा जास्त ओळख देणं मला आजवर जमलेलं नाही.

अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली आणि डॉक्टरांनी रोज थोडी सायकल चालवायला सांगितली. शुगरचं त्यांना काही वाटलं नाही, पण 'थोडी' हा शब्द फार लागला. थोडी म्हणजे किती, हे विचारायला ते परत दवाखान्यात गेले होते. शेवटी हैदराबादला असलेल्या त्यांच्या मुलानं सायकलीला लावायचा एक छोटा कॉम्प्युटर पाठवून दिला. हँडलवर बसणारी बिस्किटाएवढी पाटी, एक वायर, समोरच्या चाकाच्या ताडीला, म्हणजे तारेला, लावायचं लोहचुंबक आणि त्या चुंबकासमोर येईल अशी एक डबी. डबी चाकाचे फेरे मोजते. एका फेऱ्यात चाक किती पुढं जातं ते आपण आधी सांगून ठेवायचं, मग पाटीवर वेग आणि अंतर दिसतं. सोबतच्या पुस्तिकेत तक्ताच होता: अठ्ठावीस इंची चाक, दोन हजार दोनशे चोवीस मिलिमीटर. दुसऱ्या कुणी तो आकडा घातला असता आणि फिरायला निघून गेला असता. भाऊजींनी मला आदिलाबादहून बोलावून घेतलं.

"किताबातला आकडा म्हंजे घरबसल्या केलेली पैमाइश," ते म्हणाले. "मौक्यावर गेल्याबिगर हद्द ठरत नाई, बापू."

मौका म्हणजे त्यांच्या घरासमोरचा सिमेंटचा रस्ता. माणूस बसला की टायर दबतं, टायर दबलं की घेर कमी होतो, तेव्हा सायकलवर स्वतः बसूनच मोजायला हवं असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. पण वजन रोजच्याइतकं पाहिजे म्हणून ते आधी दीड भाकर खाऊन आले, खिशात चाव्या, चष्म्याची डबी आणि तंबाखूची पुडी ठेवली. ताईनं कपड्याची नीळ कालवून दिली. टायरला निळीचा ठसठशीत ठिपका लावला, रस्त्यावर सरळ दोरी ताणली, भाऊजी सीटवर दोन्ही पाय अधांतरी धरून बसले आणि मी मागून कॅरिअर धरून ढकलत निघालो. चाकाचे तीन फेरे झाले, रस्त्यावर निळे चार ठिपके उमटले. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत टेप लावायचा आणि तीननं भागायचं. असं आम्ही पाच वेळा केलं, कारण मधल्या एका खेपेला भाऊजींना शिंक आली होती आणि शिंकेचं वजन त्यांना धरायचं नव्हतं.

इकडं गल्लीत निराळाच गोंधळ. मंडल ऑफिसचा माणूस, हातात टेप, रस्त्यावर निळ्या खुणा. रस्ता रुंद होणार ही बातमी पाच मिनिटांत पसरली. समोरच्या काकांनी रस्त्यावर सरकवलेला कोंबड्यांचा खुराडा मुकाट्यानं आत घेतला. शेजारच्या बाईंनी घराचे कागद आणून माझ्यापुढं धरले. मी सांगत होतो की चाक मोजून राह्यलो, पण चाक कुणी मोजत असतं यावर तिथं कुणाचाच विश्वास बसला नाही. तो खुराडा आजही आत आहे.

आकडा निघाला दोन हजार दोनशे पाच. पुस्तिकेपेक्षा एकोणीस मिलिमीटर कमी. किलोमीटरमागं साडेआठ मीटरची अफरातफर झाली असती, हे भाऊजींनी मला, ताईला आणि कोंबडीवाल्या काकांना वेगवेगळं समजावून सांगितलं. बटनं दाबून त्यांनी आकडा स्वतः भरला, वहीत लिहिला आणि खाली सही केली.

आता या सगळ्या आटापिट्यामागं एक जुना तंटा होता, तो सांगायला हवा. ताई सव्वीस वर्षं अंगणवाडीत शिकवत होती. अंगणवाडी नाल्यापलीकडच्या गोंडांच्या गुड्यावर, त्या छोट्या वस्तीत. रोज जाणं-येणं पायी, कपाशीच्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं. लांब पडतं, एखादी लुना घ्या नाहीतर सायकलवर सोडून द्या, असं ती सुरुवातीला म्हणायची. तेव्हा भाऊजींनी गावचा नकाशा पसरला, पट्टी लावली आणि निकाल दिला: दोन किलोमीटर. दोन किलोमीटर म्हणजे तब्येतीला चांगलंच. नकाशावर सही-शिक्का असल्यामुळे ताई पुढं बोलली नाही. आता तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत, आणि पाय चोळत बसली की अधूनमधून म्हणते की ते दोन किलोमीटर काही दोन नव्हते.

कॉम्प्युटर बसल्यावर भाऊजी पहिल्यांदा गेले ते याच वाटेनं. परत आले तेव्हा त्यांना चांगलाच दम लागला होता, पण दम मोजायचं यंत्र जवळ नसल्यामुळं तो त्यांनी जमेस धरला नाही. गुड्यावर पोचताच त्यांनी आकडा थांबवून ठेवला होता. पाटीवर होतं दोन पूर्णांक पाच शतांश. त्यांनी ती पाटी सायकलवरून काढून ताईच्या हातातच दिली. मी तिथं होतो. ताईनं आकडा पाहिला, पाटी परत केली आणि म्हणाली, "असंल मंग. माहेच पाय कमजोर असतीन." त्यानंतर तिनं रस्त्याचा विषय काढला नाही. मला ते बरं वाटलं नाही. सव्वीस वर्षं तिच्याजवळ एवढी एकच तक्रार होती आणि तीही एका बिस्किटाएवढ्या पाटीनं काढून घेतली.

पुढच्या रविवारी भाऊजींनी मला पुन्हा बोलावलं, या खेपेला अर्जी लिहायला. विषय असा की आदिलाबादच्या रस्त्यावरचे किलोमीटरचे सगळे दगड चुकीचे रोवलेले आहेत. प्रत्येक दोन दगडांत तीनशे ऐंशी मीटर कुणीतरी खाल्लेत, याची सखोल चौकशी व्हावी. आठ दगडांचा तक्ता सोबत जोडला होता. शिवाय आपण तासाला सातच्या पुढं जात नाही या दुःखात त्यांनी चाकांना दोनदा ग्रीस भरलं होतं. तक्ता उतरवताना मला शंका आली. मी पाटी डोळ्यांजवळ नेली. आकड्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं होती, आणि भाऊजी चष्मा फक्त कागदासाठी लावतात.

"भाऊजी," मी म्हणालो, "हे मैलात दाखवून राह्यलं."

मिलिमीटरचा हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसानं मैल-किलोमीटरचं बटन पाहिलंच नव्हतं. भाऊजींनी पाटी घेतली, चष्मा लावला आणि बटन दाबून ती किलोमीटरवर आणली. मला वाटलं, अर्जी फाडतील. ते उठले आणि सायकल बाहेर काढली. मी मोटारसायकलवर त्यांच्या मागं मागं, तीही पहिल्या गिअरमध्ये. धुऱ्यानं, नाल्याला वळसा घालून, चढावर उतरून, गुड्यापर्यंत. अंगणवाडीच्या दारापुढं ते थांबले. पाटीवर होतं तीन पूर्णांक तीन दशांश. नकाशावरच्या पट्टीला नाला लागत नाही. ती सरळ त्याच्यावरून गेली होती.

"जिंदगीभर लोकायले मौका मौका सांगतलं, बापू," ते खाली बघत म्हणाले. "अन् तिले नकाशावर मोजून देल्लं."

घरी आलो तेव्हा ताई ओट्यावर अंबाडीची भाजी खुडत होती. भाऊजी तिच्यासमोर उभे राहिले, साहेबासमोर राहायचे तसे, आणि सांगितलं की आपला आकडा चुकला, ते तीन किलोमीटर तीनशे मीटर आहे. ताईचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "सव्वीस वर्सं मी पायानं मोजून राह्यली होती."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं. तुमी नकाशा काढला."

एरवी ते कुठलाही आकडा गुणाकार केल्याशिवाय सोडत नाहीत. पण रोजचे ते जास्तीचे मीटर, जाऊन-येऊन, सव्वीस वर्षांचे किती होतात, हे त्यांनी त्या दिवशी काढलं नाही आणि नंतरही कधी काढलेलं मला माहीत नाही.

आठवड्यानं गेलो तर रस्त्यावर निळीचे नवे ठिपके. कॅरिअरवर गादी बांधून भाऊजींनी ताईला मागं बसवलं होतं आणि दोघांच्या वजनानं घेर नव्यानं काढला होता. ढकलायला या खेपेला कोंबडीवाले काका. आता रोज सकाळी दोघं गुड्यावर जाऊन येतात. चढ आला की भाऊजी उतरून सायकल ढकलतात, ताई बसूनच राहते. गुड्यावर तिनं शिकवलेल्या पोरी आता आपली लेकरं कडेवर घेऊन तिला चहा देतात, आणि साखर किती घातली हे भाऊजी तिथं विचारत नाहीत.

मागच्या महिन्यात त्यांची वही सहज चाळली. 'एकटा' असं लिहून २२०५, त्याखाली 'दोघं' असं लिहून २२०२. सरकारी कागदावर कधी खाडाखोड न केलेल्या माणसानं 'एकटा'ची ओळ पट्टी लावून खोडली होती आणि बाजूला सही केली होती. तो आकडा त्यांना पुन्हा कधी लागू नये, एवढंच मला वाटत राहतं.